पहिलं घर रिकामं

१

मक्याच्या दोनशे बारा नंबरच्या वाणाचा मृत्यू मंगळवारी सकाळी साडेदहाला उघडकीस आला. मुडदा एका कागदावर होता. त्या कागदावर दुसरं काहीच नव्हतं. वर डाव्या कोपऱ्यात ०४.७, त्यापुढे २१२, आणि त्यापुढे लेडबेटर.

म्हणजे एकरी चार पूर्णांक सात बुशेल, जेमतेम सव्वा पोतं मका. पाइन क्रीक कृषी संशोधन केंद्रात कुंपणाच्या तारेखाली आपोआप उगवलेला मकासुद्धा याहून बरा पिकतो. वाणाचे जनक थर्मन लेडबेटर नऊ वर्षं या मक्याच्या मागे होते. त्याआधी ते बायकोच्या मागे असत, पण ती देवाघरी गेली आणि मका राहिला.

संचालक हार्लन बॉयकिन यांना आकडा पाहून झालेलं दुःख त्यांनी फार कसोशीनं आवरलं. त्याच यादीच्या आधीच्या पानावर ९७.४ या आकड्यापुढे त्यांचा स्वतःचा, तरुणपणी काढलेला वाण होता. 'बॉयकिन गोल्ड'. अकरा वर्षं केंद्राचा उच्चांक त्याच्याकडे होता आणि या केंद्रात नोकरीला लागणाऱ्या माणसाला ते पहिल्या दिवशीच, संडास कुठे आहे ते सांगण्याआधी, सांगितलं जाई.

"मका मी शेतात पाहिलाय," बॉयकिन म्हणाले. "माझ्या टोपीपेक्षा उंच होता. चार बुशेल कसं शक्य आहे? आकडे कार्डावर चढवताना घोळ झालाय. व्हर्लीन पीबल्सचं काम हे. शुक्रवारी अकराला समिती बसेल, तिचा निकाल लावू."

"आणि मक्याचं काय?" कुणीतरी विचारलं.

"तीस बुशेलच्या खालचं बियाणं डुकरांना जातं. नियम आहे. समितीपुढे कागद येतो, शेत येत नाही."

ही बातमी तळघरात पोचायला नऊ मिनिटं लागली. तळघरात विद्यापीठाचा मेनफ्रेम, म्हणजे खोलीभर संगणक होता, त्याच्या शेजारी धोबीघाटासारखा आवाज करणारा प्रिंटर, आणि प्रिंटरपुढच्या खिडकीत हेझल स्ट्रिकलंड. यंत्रातून कागदाची जी अखंड पट्टी बाहेर येई ती फाडून ज्याची त्याच्या कप्प्यात टाकायची, हे हेझलचं काम. त्याआधी आठ वर्षं तिनं स्वतः कार्डं पंच केली होती, म्हणजे यंत्राला वाचता यावेत म्हणून आकडे भोकं पाडून कार्डांवर चढवले होते. बोटं दुखायला लागली तेव्हा ती खिडकीवर आली. सोबत एक वही ठेवी. वहीत कोण किती कागद वाया घालवतो याची नोंद असे. कुणी मागितली नव्हती. पण चोपन्न वर्षांच्या बाईला स्वतःचं असं काहीतरी हवं.

साडेअकराला व्हर्लीन खिडकीशी आली. डोळे लाल, केस मात्र जागच्या जागी.

"हेझल, मीच केलं गं. माझ्याच हातून चुकलं."

"एकोणीस वर्षांत एकदा तरी चुकलीस का?"

"म्हणूनच आता पाळी आली असेल," व्हर्लीन म्हणाली आणि निघून गेली.

दहा मिनिटांनी तिथेच थर्मन लेडबेटर उभे राहिले. टोपी दोन्ही हातांत, बुटांना लाल माती.

"मिस हेझल, तुम्ही वरच्या लोकांशी बोलता, म्हणून सांगतो. व्हर्लीनचा काही दोष नाही. माझ्या वहीतच आकडे चुकीचे होते. माझं अक्षर, तुम्हाला ठाऊकच आहे."

हेझलनं त्यांच्याकडे पाहिलं. मग व्हर्लीन गेली त्या जिन्याकडे पाहिलं.

एक मुडदा आणि दोन कबुलीजबाब. दोघंही खोटं बोलत होते, आणि दोघांनाही ते जमत नव्हतं.

२

व्हर्लीन केंद्राच्या पंचिंगच्या खोलीत एकटीच बसली होती. टेबलावर सँडविच, न उघडलेलं.

"कार्डं दाखव," हेझल म्हणाली. "दोनशे बाराची. सहा तुकड्यांत लावला होता ना मका? म्हणजे सहा कार्डं. चुकलं असेल तर भोकं सांगतील."

"कशाला? मी कबूल केलंय ना."

"अगं, तुझ्या कबुलीवर माझा विश्वास नाही. तू मागच्या वर्षी चर्चच्या केकमध्ये मीठ विसरलीस तेही कबूल केलं नव्हतंस."

"मीठ होतं त्यात."

"नव्हतं."

"थोडं होतं." व्हर्लीननं रुमाल काढला. "हे बघ, थर्मनला यात ओढू नकोस. त्यांचे आकडे बरोबरच असणार. तो माणूस कणीस मोजताना टोपी काढतो."

हेझल कपाटाकडे गेली. हंगामाच्या चाचण्यांची कार्डं तिथे एका खणात असत, रबरबँडनं बांधून, वर्षभर. हा नियम व्हर्लीननंच घातला होता आणि एका डॉक्टरसाहेबांनी तो मोडला तेव्हा त्यांच्याशी दोन महिने बोलणं सोडलं होतं.

तिनं खण ओढला. खण रिकामा होता.

"कार्डं कुठे आहेत?"

व्हर्लीन सँडविचकडे बघत राहिली. "टाकून दिली," ती म्हणाली.

३

बुधवारी हेझल शेतावर गेली. गोदामाच्या दारात लेडबेटर उकडलेल्या शेंगांचं भांडं मांडीवर घेऊन बसले होते. पुढ्यात दोनशे बाराच्या कणसांची रास, आणि राशीकडे न बघण्याचा त्यांचा प्रयत्न चाललेला.

"शेंगा घ्या, मिस हेझल."

"घेते. आणि वहीपण द्या."

वही मातीनं भरलेली होती, पण अक्षर शाळामास्तराचं होतं. सहा तुकडे, सहा आकडे. १०१.२, १०८.४, ९९.६, ११०.३, १०३.५, १०५.२.

"अक्षर वाईट म्हणत होतात."

लेडबेटर शेंग सोलण्यात गढून गेले.

"हा ९९.६ कसा काय?"

"त्या कोपऱ्यात हरणं शिरली होती. मी कुणाला सांगितलं नाही. सबब सांगितल्यासारखं वाटतं."

हेझलनं पर्समधून पेन्सिल काढून कागदी रुमालावर बेरीज केली. सहाशे अठ्ठावीस पूर्णांक दोन. भागिले सहा. तिनं दोनदा करून बघितलं.

"एकशे चार पूर्णांक सात," ती म्हणाली. "मिस्टर थर्मन, तुमचा मका शंभरी ओलांडून गेलाय. या केंद्रात आजवर कुणी गेलं नव्हतं."

"मला माहीत आहे," लेडबेटर हळूच म्हणाले. "मी पण बेरीज केली होती. सप्टेंबरातच."

"मग तोंड उघडून सांगत का नाही?"

"वही बरोबर म्हटलं की व्हर्लीनचं चुकलं असं होतं." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "मका काय, पुन्हा लावता येतो. नऊ वर्षं लागतात, एवढंच."

हेझलनं आणखी एक शेंग घेतली. चघळता चघळता पेन्सिल पुन्हा कागदावर चालू लागली. समजा, व्हर्लीनचं एक कार्ड चुकलं, एका आकड्याचा एक उडाला. सरासरी येईल ८८. चार नाही येत. समजा, पाचही आकड्यांचे एक उडाले, म्हणजे बाई तासभर आंधळी होती. तरी तो हरणांचा ९९.६ आहेच, त्याला उडायला शंभर मुळी नाहीत. मग सरासरी २१.४. तरी चार नाही.

पण १०४.७ चं पुढचं डोकं उडवलं की बरोबर ०४.७ उरतं.

म्हणजे कुऱ्हाड वहीत पडलेली नव्हती आणि कार्डावरही नव्हती. सरासरी निघून झाल्यावर, यंत्राच्या पोटातून कागदापर्यंत येता येता कुणीतरी त्या आकड्याची मान कापली होती.

आणि त्या वाटेवर दोनच माणसं उभी होती. एक डॉ. प्रेस्टन गेज, ज्यांनी प्रोग्रॅम लिहिला. दुसरी हेझल स्वतः.

४

प्रेस्टन गेज एकोणतीस वर्षांचे होते, उत्तरेकडून आले होते आणि चहात साखर घेत नव्हते. त्यामुळे त्यांच्याबद्दल केंद्रात आधीपासूनच थोडा संशय होता.

"मिसेस स्ट्रिकलंड, प्रोग्रॅममध्ये चूक नाही," ते म्हणाले. "तोच प्रोग्रॅम दोन वर्षं चालतोय. हे बघा फॉरमॅट. आकड्याला पाच घरं दिली आहेत. तीन अंकांची, एक टिंबाचं, एक दशांशाचं. शंभरच्या वरचा आकडा आला तरी आरामात मावतो. मी त्याची सोय आधीच केलीय."

"आधी कधी आला होता शंभरच्या वरचा?"

"नाही. पण सोय केलीय."

"आकड्याच्या आधी शून्य छापतं का तुमचं सॉफ्टवेअर? पाच बुशेल असतील तर ०५ असं?"

"छे! पुढची घरं रिकामी राहतात. शून्य लावायला वेगळं सांगावं लागतं." ते थांबले. "थांबा. ०४.७ मध्ये शून्य आहे."

"आहे खरं."

"ते कुठून आलं?"

"तेच विचारायला आलेय, डॉक्टरसाहेब. आधी यादी अशी नसायची ना? नाव पहिलं असायचं."

गेजनी उसासा टाकला. "सॉफ्टवेअर आपलं आपण यादी छापायचं तेव्हा सगळं ठीक होतं. मग संचालक म्हणाले, आकडा आधी पाहिजे, नाव नंतर, आणि आकडा कागदाच्या अगदी डाव्या कडेला टेकलेला पाहिजे. मला नावं शोधायला वेळ नाही म्हणाले. म्हणून मी सॉफ्टवेअरची मांडणी बंद केली आणि ओळ न् ओळ स्वतः मांडली. पहिल्या घरापासून. एक मोकळी जागा सोडली नाही."

"यादी कोणत्या क्रमानं लावता?"

"उत्पन्नाच्या. लहान आधी, मोठं शेवटी. संचालकांना आपला वाण यादीच्या तळाशी, सहीच्या अगदी वर आवडतो."

हेझल उठली तेवढ्यात दारात बॉयकिन उभे. बातमी त्यांच्याकडेही नऊ मिनिटांतच पोचत असे.

"मिसेस स्ट्रिकलंड, तुमचं काम कागद फाडायचं आहे."

"हो ना. इतकी वर्षं फाडतेय. वाचायला आत्ता लागले."

"माझ्यावर संशय आहे का?" बॉयकिनांनी छाती पुढे काढली. "बॉयकिन गोल्डला दुसऱ्याची मान कापायची गरज नाही. आणि दोनशे बारा यादीत सगळ्यात शेवटी आहे, तो कागद तुम्हीच कप्प्यात टाकलात. शेवटी असतो तो सगळ्यात वाईट."

ते गेले. हेझल गेजकडे वळली. गेज हळूहळू खुर्चीत बसत होते.

"लहान आधी," ते स्वतःशीच म्हणाले. "मोठं शेवटी..."

५

गुरुवारी दुपारी चर्चच्या सभागृहात नाताळच्या बाजाराची तयारी चालू होती. ऑक्टोबर अर्धाही उलटला नव्हता, पण पंचकार्डांची तोरणं करायला वेळ लागतो. कार्ड पानासारखं दुमडायचं, टाचायचं, गोल बांधायचं आणि वर सोनेरी रंग फवारायचा. गावात असं घर नव्हतं की ज्याच्या दारावर कुठल्या ना कुठल्या चाचणीचे आकडे सोनेरी होऊन लटकत नव्हते.

व्हर्लीनचं तोरण ताजं होतं. रंग अजून बोटाला लागत होता.

"हे कशाचं?" हेझलनं विचारलं.

"जुन्या कार्डांचं."

हेझलनं चष्मा चढवला. भोकं वाचायला ती विसरली नव्हती. रंगानं कार्डाच्या वरच्या कडेला छापलेली अक्षरं झाकली जातात, भोकं नाहीत. तिनं एक पाकळी उलगडली. दोनशे बारा. तुकडा पहिला. १०१.२. पुढची पाकळी १०८.४. तिसरी, हरणांची, ९९.६.

"व्हर्लीन पीबल्स, ही सहाच्या सहा बरोबर आहेत."

व्हर्लीन खाली बसली. "म्हणून तर रंगवली."

"म्हणजे?"

"वहीतलं तेच कार्डावर चढवते मी, बेरजा करून बघत नाही. माझी कार्डं बरोबर निघाली असती तर चूक थर्मनच्या वहीत आहे असं ठरलं असतं. नऊ वर्षांनी लोक त्या माणसाला हसले असते. मला दुसरी नोकरी मिळेल, हेझल. मी कापडाच्या दुकानात उभी राहीन. त्यांना दुसरा मका कुठून मिळणार?"

"तुम्ही दोघं," हेझल म्हणाली, "एकमेकांना वाचवता वाचवता खऱ्या गुन्हेगाराला मोकळं सोडताय."

"खरा कोण?"

हेझलनं पाकळी पुन्हा दुमडून तिच्या हातात दिली. तळघरात परत येऊन तिनं कुणी न मागितलेली वही उघडली. मंगळवारच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'गेज. एकतीस ओळी, दोन पानं. पहिल्यावर तीस, निम्मा कागद कोरा. दुसऱ्यावर एकच. उधळपट्टी.'

आणि तिला तो आवाज आठवला. प्रिंटर ओळीमागून ओळ बडवत होता, एका लयीत, आणि शेवटच्या ओळीआधी एकदम सर्रकन कागद धावला होता. तेव्हा ती चिडली होती.

आता ती खुर्चीत मागे टेकून हसू लागली. एकटीच.

६

शुक्रवारी अकराला समिती बसली. बॉयकिन मधे, गेज एका कडेला पांढरे फटक, व्हर्लीन भिंतीशी. लेडबेटर दारात, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. हेझल आत आली तेव्हा बॉयकिन म्हणाले, "तुम्हाला बोलावलेलं नाही."

"कागद बोलावलाय ना समितीपुढे? तोच आणलाय. दोन्ही पानं." तिनं ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. "पहिल्या पानावर वरून खाली वाचा, साहेब."

"६१.२," बॉयकिन वाचू लागले. "६४.० ... ९५.८ ... ९७.४." इथे त्यांचा आवाज थोडा सुधारला.

"आकडे चढत चाललेत. चार बुशेलवाला खरंच सगळ्यात वाईट असता तर तो ६१ च्या वर, पहिल्या ओळीत असता. यंत्राला तुमच्या-माझ्यासारखा पक्षपात येत नाही. त्यानं दोनशे बारा ९७.४ च्या नंतर ठेवलाय, म्हणजे यंत्राच्या मते तो ९७.४ हून मोठा आहे."

समितीतले लोक दोन्ही पानांवर वाकले.

"दुसरं. खाली निम्मं पान मोकळं असताना एका ओळीसाठी नवं पान का?"

"का?" समितीतल्या कुणीतरी विचारलं.

"कारण यंत्राला तसा हुकूम मिळाला. आमचा प्रिंटर प्रत्येक ओळीचं पहिलं घर छापत नाही. ते घर त्याला हुकूम देण्यासाठी असतं. रिकामं असेल तर मुकाट्यानं पुढच्या ओळीवर जातो. तिथे शून्य दिसलं तर एक ओळ सोडून छापतो. आणि तिथे एक दिसला," हेझलनं गेजकडे पाहिलं, "तर?"

"नवं पान," गेज पुटपुटले. "मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी."

"साहेबांना आकडा कडेला टेकलेला हवा होता. डॉक्टरांनी टेकवला. ९७.४ ला पाच घरांतली चारच लागतात, म्हणून पहिलं घर रिकामं राहायचं. प्रिंटर रिकामं घर गिळायचा, कुणाला कळायचं नाही. दोन वर्षं असंच चाललं, कारण दोन वर्षांत कुणी शंभर गाठले नाहीत. मग मिस्टर थर्मनचा मका आला. १०४.७. पाचही घरं भरली. पहिल्या घरात एक. प्रिंटरनं तो छापला नाही, पाळला. नवं पान काढलं आणि उरलेलं छापलं. ०४.७."

बॉयकिनांनी दुसरं पान हातात घेतलं.

"म्हणजे," बॉयकिन हळूहळू म्हणाले, "आकडा गेला कारण..."

"कारण तो फार चांगला होता, साहेब. तुमच्या कागदावर त्याला जागाच नव्हती."

सगळेच तळघरात उतरले. गेजनी आपल्या कार्डांच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड काढलं, व्हर्लीननं उभ्या उभ्या त्या जागी दुसरं पंच करून दिलं, आकड्याच्या आधी एक मोकळी जागा सोडून. चाचण्यांचे आकडे मंगळवारपासून यंत्राच्या टेपवर होतेच, तेवढा गठ्ठा यंत्रात गेला. प्रिंटर बडवू लागला. हेझलनं डोळे मिटून ऐकलं. तीस ओळी झाल्या आणि एकतिसावी त्याच लयीत पडली. कागद धावला नाही.

तिनं एकच पान फाडून बॉयकिनांच्या हातात दिलं. तळाशी, सहीच्या अगदी वर, १०४.७.

बॉयकिनांनी टोपी काढली. अकरा वर्षांच्या नात्याला शोभेल एवढा वेळ ते उघड्या डोक्यानं उभे राहिले. मग लेडबेटरांपुढे हात केला.

"अभिनंदन, थर्मन. आणि मिस पीबल्स, मी... म्हणजे समिती... चूक छपाईची होती."

"छपाईची नव्हती," व्हर्लीन म्हणाली. "आकडा कडेला टेकवायची होती."

"पुढच्या वेळी," बॉयकिन गेजना म्हणाले, "एक घर सोडून टेकवा."

लेडबेटर आणि व्हर्लीन तेवढ्यात एकमेकांपुढे आले होते. दोघांनी एकदमच तोंड उघडलं.

"मला वाटलं, तुमच्या वहीत..."

"मला वाटलं, तुझ्या कार्डात..."

आणि दोघंही इतके लाजले की हेझलला कप्पे नीट लावायला पाठ फिरवावी लागली.

७

पुढच्या गुरुवारी दुपारी लेडबेटर खिडकीशी आले. बूट पुसलेले होते. हातात एक पंचकार्ड.

"मिस हेझल, व्हर्लीननं हे दिलं. मी तिला काल एक चिठ्ठी दिली होती, त्याचं उत्तर. पण वरच्या कडेला छापलेलं काहीच नाही. तिनं छपाई बंद करून पंच केलंय. म्हणाली, वाचता येत असेल त्याच्याकडून वाचून घ्या."

"चिठ्ठीत काय विचारलं होतं?"

लेडबेटर टोपीच्या आतलं कापड तपासू लागले.

"बरं, राहू दे." हेझलनं चष्मा चढवून कार्ड उजेडात धरलं. ऐंशी घरांपैकी तीनच घरांत भोकं होती, घरागणिक एक इंग्रजी अक्षर. तिनं ती वाचली, मग उगाचच आणखी एकदा वाचली, कारण माणूस समोर घामाघूम झाला होता आणि हे पुन्हा पाहायला मिळणार नव्हतं.

"हो म्हणतेय," ती म्हणाली.

कार्ड परत घेऊन लेडबेटरांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं, वरून हात दाबून धरला आणि जिना चढून गेले, एका वेळी दोन पायऱ्या.

हेझलनं वही उघडली. 'व्हर्लीन. एक कार्ड,' असं लिहून ती थांबली. उधळपट्टी लिहायची सवय बोटांना होती, पण तिनं पेन्सिल खाली ठेवली. ती तीन अक्षरं दुसऱ्या घरापासून सुरू झाली होती. पहिलं घर व्हर्लीननं रिकामं सोडलं होतं, उत्तराचं डोकं वाटेत कुणी गिळू नये म्हणून.